गर्भपाताचा आकडा आणि राज्याची जबाबदारी

महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याकडे दर महिन्याला एक तक्ता जमा होतो. जिल्ह्यातील मान्यताप्राप्त केंद्रांत महिन्याभरात किती गर्भपात झाले, ते किती आठवड्यांचे होते, कोणत्या कारणासाठी झाले, याची त्यात नोंद असते. वर्षअखेरीस या तक्त्यांची बेरीज होते आणि ती ‘राज्यातील गर्भपात’ या नावाने विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांत, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि सभांतील भाषणांत वावरू लागते. आकडा वाढला तर समाजाची नीती ढासळल्याचा आक्रोश होतो. आकडा घटला तर अधिकारी आपली पाठ थोपटून घेतात आणि मंत्री जनजागृतीचे श्रेय पदरात पाडून घेतात. आक्रोश करणारे आणि पाठ थोपटून घेणारे, दोघेही एकाच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत. राज्यात होणारे सारे गर्भपात त्या आकड्यात मोजलेले आहेत, ही ती समजूत होय. वस्तुतः त्या आकड्यात मोजली जाते ती सरकारी कागदापर्यंत पोचलेली स्त्री. जी तेथवर पोचली नाही तिचा हिशेब कोणापाशीच नाही. आणि जिवाचा धोका नेमका तिलाच आहे.

म्हणून हा विषय केवळ संख्याशास्त्रज्ञांचा किंवा डॉक्टरांचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. कोणते राज्य काय मोजते आणि काय मोजत नाही, यावरून त्या राज्याला कोणाची किती फिकीर आहे हे कळत असते. साखरेचे उत्पादन क्विंटलच्या हिशेबात देणाऱ्या महाराष्ट्राला आपल्या किती स्त्रिया चोरून, भिऊन, औषधाच्या दुकानामागे किंवा भोंदू वैदूच्या खोलीत गर्भ पाडून घेतात हे सांगता येत नाही, ही साधी त्रुटी नव्हे.

कायद्याची पूर्वपीठिका

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला. अपवाद एकच, स्त्रीचा जीव वाचविण्याचा. गुन्हा ठरविल्याने गर्भपात थांबले नाहीत, ते अंधारात गेले. १९६४ साली केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ च्या डिसेंबरात तिने अहवाल दिला. पन्नास कोटी लोकसंख्येच्या देशात वर्षाला ३९ लाख गर्भपात मुद्दाम घडवून आणले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. त्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

गर्भावर स्त्रीचा अधिकार असावा हा विचार परदेशातून उसना आणलेला आहे, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास चाळावा. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालविले. त्यासाठी नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांच्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा अशासकीय ठराव आला, तोही बाबासाहेबांच्याच प्रेरणेने. मूल कधी हवे आणि किती हवीत हे ठरविण्याची सत्ता गरीब स्त्रीच्या हाती आली पाहिजे, हा त्यामागील विचार होता. ठराव फेटाळला गेला. प्रश्न मात्र जिवंत राहिला.

१९७१ च्या कायद्यात मात्र एक मेख होती. त्याने स्त्रीला हक्क दिला नाही. विशिष्ट कारणांसाठी, विशिष्ट आठवड्यांपर्यंत, विशिष्ट ठिकाणी गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टराला शिक्षेपासून संरक्षण दिले. निर्णय डॉक्टराचा, विनंती तेवढी स्त्रीची. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे कारण तर फक्त विवाहित स्त्रीलाच सांगता येत होते. दुसरे असे की, कायदा करणाऱ्यांच्या मनात करुणेच्या जोडीला लोकसंख्येचे भयही होते. त्या भयाचे टोक पाच वर्षांतच दिसले. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण ज्या राज्याला आपण पुरोगामी म्हणतो त्याच राज्याने नागरिकांच्या देहावर उद्दिष्टांचे आकडे लादण्याची तयारी केली होती, हे विसरता कामा नये. गर्भपाताचा आकडा हाती घेणाऱ्या प्रत्येकाने हा धडा स्मरणात ठेवावा. आकडा स्त्रीच्या सेवेसाठी असला पाहिजे. स्त्री आकड्यासाठी नव्हे.

बेरजेत न आलेल्या स्त्रिया

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. २०१५ या वर्षी भारतात किती गर्भपात झाले याचा एक सविस्तर अभ्यास मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व अमेरिकेतील गटमाखर संस्था यांच्या संशोधकांनी केला. तो ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकात २०१८ च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यांचा अंदाज १ कोटी ५६ लाखांचा आहे. म्हणजे १५ ते ४९ या वयोगटातील दर हजार स्त्रियांमागे ४७. त्याच सुमारास सरकारी नोंदीत आलेले गर्भपात वर्षाला सुमारे ७ लाख होते. याचा अर्थ, बावीस गर्भपातांमागे एकाची नोंद झाली. एवढ्यावर भागत नाही. या अभ्यासानुसार दवाखान्यांत व रुग्णालयांत झालेले गर्भपातच ३४ लाख होते. म्हणजे डॉक्टराच्या हातून झालेल्या गर्भपातांपैकीही पाचांत एकच सरकारच्या वहीत उतरला. उरलेले चार कोठे गेले? काही खासगी दवाखान्यांना केंद्राची मान्यताच नसते. काहींना असते, पण तक्ता पाठविण्याची निकड वाटत नाही. ७३ टक्के गर्भपात तर दवाखान्याची पायरी न चढता, दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी झाले. पाच टक्के स्त्रियांनी कोणत्या उपायांचा आधार घेतला असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

हा अभ्यास सहा राज्यांच्या प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला होता : आसाम, उत्तर प्रदेश, गुजरात, तामिळनाडू, बिहार आणि मध्य प्रदेश. महाराष्ट्र त्यांत नव्हता. मग महाराष्ट्राचे काय? या सहा राज्यांत हजार स्त्रियांमागील प्रमाण तामिळनाडूत ३३, तर आसामात ६६ आढळले. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया ढोबळमानाने तीन कोटींच्या घरात धरल्या आणि या दोन टोकांचे प्रमाण लावून पाहिले, तर वर्षाला दहा लाखांपासून वीस लाखांपर्यंतचा पल्ला निघतो. हे मोजमाप नव्हे, त्रैराशिक आहे. परंतु त्रैराशिकालाही काही सांगायचे असते. ज्या काळात सबंध देशाचा नोंदलेला आकडाच सात लाख, त्या काळात महाराष्ट्राचा नोंदलेला आकडा या पल्ल्याच्या तळाशीही पोचणे अशक्य होते. म्हणजे वहीत आहेत त्याहून कितीतरी अधिक स्त्रिया वहीबाहेर आहेत.

अशा स्थितीत वार्षिक आकड्याच्या चढउतारावरून निष्कर्ष काढणे हे पाण्यावर रेघा ओढण्यासारखे आहे. एखाद्या जिल्ह्यात दहा नव्या केंद्रांना मान्यता मिळाली आणि त्यांनी इमानेइतबारे तक्ते पाठविले, तर आकडा वाढेल. तेथील स्त्रियांची स्थिती सुधारली, असाच त्याचा अर्थ होईल. दुसऱ्या जिल्ह्यात धाडींच्या भीतीने डॉक्टरांनी काम थांबविले, तर आकडा घटेल. तेथील स्त्रिया अधिक धोक्यात आल्या, असा त्याचा अर्थ होईल. एकाच आकड्याची वाढ शुभ आणि घट अशुभ असू शकते, हे ज्याला उमगले नाही त्याने या विषयावर परिपत्रके काढू नयेत.

दोन कायद्यांची गल्लत

या गोंधळाचे सर्वांत मोठे कारण दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत हे आहे. एक प्रश्न नको असलेल्या गर्भापासून सुरक्षित सुटका करून घेण्याचा. दुसरा प्रश्न मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्याचा. पहिल्यात स्त्रीचे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात बहुधा तिच्या पारतंत्र्याचाच पुरावा आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तो सहजासहजी झाला नाही. मुंबईतील स्त्री-संघटनांनी, डॉक्टरांनी आणि विज्ञान-चळवळीतील कार्यकर्त्यांनी रस्त्यावर आणि सभागृहाबाहेर झुंज दिली. मृणाल गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणून सरकारला हलविले. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ असलेले प्रमाण दहा वर्षांत ८०७ वर कोसळले. याउलट, ज्याला मागास म्हणून हिणवले जाते त्या आदिवासीबहुल गडचिरोलीत ते ९६१ होते. मुलीचा गर्भ शोधून पाडणे हे दारिद्र्याचे लक्षण नसून जमीन, हुंडा, वंशाचा दिवा आणि सोनोग्राफीची फी परवडणारा पैसा यांच्या संगमाचे फळ आहे, हे या दोन जिल्ह्यांकडे पाहिले तरी ध्यानात येते.

२०१२ साली परळी येथे अशा बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि राज्य हादरले. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. त्या प्रकरणालाही एका स्त्रीच्या मृत्यूनेच वाचा फुटली होती. या दोन्ही घटनांनंतर कठोर कारवाई व्हायला हवी होती यात शंका नाही. पण कारवाईचा रोख कोठे वळला? परळीच्या घटनेनंतर अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर अशी करडी नजर ठेवली की, कागदपत्रांचा आणि धाडींचा जाच नको म्हणून अनेक औषधविक्रेत्यांनी त्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. येथे थोडा विचार करावयास हवा होता. नियमांप्रमाणे या गोळ्या गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी आहेत : पूर्वी सातव्या, २०२१ पासून नवव्या आठवड्यापर्यंत. सोनोग्राफीने गर्भाचे लिंग कळण्यास साधारणतः बारावा-तेरावा आठवडा उलटावा लागतो. जी स्त्री सातव्या आठवड्यात गोळी मागते तिला सोनोग्राफीने मुलगा की मुलगी हे कळलेलेच नसते. म्हणजे लिंगनिदान करणारा डॉक्टर, त्याचे यंत्र आणि त्याचा दलाल यांचा पाठलाग करण्याऐवजी राज्याने सर्वांत सुरक्षित काळात, सर्वांत सोपा उपाय शोधणाऱ्या स्त्रीची वाट अडविली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार.

भाषेनेही या गल्लतीला हातभार लावला आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आंदोलनाच्या भरात रूढ झाला. सद्हेतूने वापरला गेलेला हा शब्द कालांतराने प्रत्येक गर्भपातावर हत्येचा डाग लावू लागला. भिंतींवरच्या घोषणांतून, कीर्तनांतून, शाळांतील पथनाट्यांतून गर्भपात हेच पाप असल्याचा संस्कार झाला. आपल्या कार्यकर्त्यांनीही नकळत तो शब्द उचलला. तो आता जपून वापरला पाहिजे. ‘लिंगनिवड’ हा शब्द अपराध नेमका दाखवितो आणि इतर स्त्रियांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही.

उशीर कोणाला होतो?

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर गर्भपाताच्या प्रश्नात वेळ आणि पैसा यांचे नाते निर्दय आहे. आठवडे जितके कमी, तितका धोका कमी आणि खर्चही कमी. ज्या घरात पैसा, वाहन, ओळखीची डॉक्टरीण आणि बोलण्याची मोकळीक आहे तेथील स्त्री सहाव्या-सातव्या आठवड्यातच मोकळी होते. जिच्यापाशी यांतले काहीच नाही तिला दिवस गेल्याची खात्री करण्यातच महिना जातो, पैसे जमविण्यात दुसरा, आणि नवऱ्याची सही आणण्यात तिसरा. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याला तिच्या एकटीची संमती पुरते. पतीच्या सहीची अट कायद्यात कोठेही नाही. तरीही कितीतरी ठिकाणी ती मागितली जाते आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही कोणी तिला हरकत घेत नाही.

ऊसतोड मजुरांचे उदाहरण घ्यावे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते. हंगामात खाडा झाला की दंड कापला जातो. या हिशेबात पाळी, गरोदरपण, आजारपण या साऱ्यांची गणना एकाच खात्यावर होते, ते म्हणजे खाडा. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. ज्या व्यवस्थेत स्त्रीला मजुरी टिकविण्यासाठी गर्भाशयच टाकून द्यावे लागते, त्या व्यवस्थेत फडावर दिवस गेलेली स्त्री कोणत्या केंद्रावर जाईल आणि तिचा गर्भपात कोणत्या तक्त्यात येईल? कोयत्याबरोबर ती कोल्हापूर-सांगलीकडे वा कर्नाटकात गेलेली असते. तिची नोंद तिच्या जिल्ह्यात नसते आणि फडाच्या जिल्ह्यातही नसते.

कायद्याने सरकारी रुग्णालयाला गर्भपात केंद्राची वेगळी मान्यता लागत नाही. अडचण असते ती प्रशिक्षित डॉक्टर, साधने आणि इच्छा यांची. परिणामी राज्यातील बहुसंख्य मान्यताप्राप्त केंद्रे खासगी आहेत व ती शहरांत आणि तालुक्याच्या गावी एकवटली आहेत. कायदा सर्वांसाठी आणि सेवा मात्र पैसेवाल्यांसाठी, असे हे वाटप आहे. महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले, देशात केरळखालोखाल. हे यश मोठे आहे आणि ते आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्यांच्या श्रमाचे आहे. पण म्हणूनच उरलेले मृत्यू अधिक बोचले पाहिजेत. कारण असुरक्षित गर्भपाताने होणारा मृत्यू हा जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्याजोगा मृत्यू असतो.

संततिनियमनाचा भारही कोणावर आहे ते पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रिया नसबंदी करून घेतलेल्या आहेत. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे मुले होईपर्यंत काही नाही आणि झाल्यावर एकदम शस्त्रक्रिया, तीही स्त्रीवर. दोन मुलांमधील काळात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत, लग्नाआधी, स्त्रीने काय करावे? त्याच पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के तरुणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली दिसली. या मुलींना दिवस गेले की त्या दवाखान्यात जाण्यास घाबरतात. कारण बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याने डॉक्टरावर पोलिसांना कळविण्याची सक्ती केली आहे. रक्षणासाठी केलेला कायदा, पण त्याच्या धाकाने मुलगी भोंदूकडे वळते.

बंदीचा धडा

आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग बंदी हा आहे आणि तो जगाने वापरून पाहिला आहे. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीही त्याला अपवाद नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९२० साली गर्भपात कायदेशीर करणारे सोव्हिएत रशियाचे सरकार जगात पहिले होते. १९३६ मध्ये स्टालिनच्या राजवटीने तो बेकायदा केला आणि १९५५ मध्ये बंदी उठवावी लागली. रुमानियात चाउसेस्कूने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. वर्षभर जन्म वाढले, मग चोरट्या वाटा रुळल्या; मातामृत्यूत तो देश युरोपात सर्वांत वर गेला आणि हजारो स्त्रिया मेल्या. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळताच रद्द झालेल्या पहिल्या हुकुमांपैकी तो एक होता.

अमेरिकेतील ताजे उदाहरणही बोलके आहे. तेथे राज्ये दर वर्षी आपापले गर्भपाताचे आकडे प्रसिद्ध करतात. २०२२ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ पन्नास वर्षांचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. टेक्सास राज्यात २०२० साली पन्नास हजारांहून अधिक गर्भपात नोंदले गेले होते. बंदीनंतर ती नोंद जवळपास शून्यावर आली. परंतु २०२३ साली सबंध देशातील गर्भपात दहा लाखांच्या वर गेले, आधीच्या दहा वर्षांतील कोणत्याही वर्षापेक्षा अधिक. ज्यांना परवडले त्या स्त्रिया शेजारच्या राज्यांत गेल्या, काहींनी टपालाने गोळ्या मागविल्या. कागदावरचा आकडा शून्य झाला. गरज शून्य झाली नाही. फक्त गरिबाचा प्रवास लांबला.

काय मागायचे?

आपल्याकडे कायदा पुढे सरकला आहे हे मान्य केले पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे मत पुरेसे झाले. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग अशा काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार’ हे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहितेलाही लागू असल्याचा निर्वाळा दिला, आणि अल्पवयीन मुलीचे नाव पोलिसांना न कळविण्याची मुभा डॉक्टरांना दिली. पण मूळ रचना तीच आहे. गर्भपात करविणे आजही भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि १९७१ चा कायदा हा त्यातला अपवाद. निर्णय आजही डॉक्टराच्याच मताचा आहे. चोवीस आठवडे उलटलेल्या बलात्कारपीडितेला आजही न्यायालयाची पायरी चढावी लागते.

म्हणून विधिमंडळातील आपल्या मित्रपक्षांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी काही नेमक्या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. राज्याने गर्भपाताचे वार्षिक आकडे जिल्हावार, सरकारी व खासगी अशी फोड करून आणि आठवड्यांनुसार जाहीर करावेत; त्यासोबत किती केंद्रांनी तक्ते पाठविले व किती केंद्रांनी नाही, हेही छापावे, म्हणजे आकड्याची किंमत कळेल. कोणत्याही स्त्रीचे नाव वा ओळख त्यातून बाहेर पडता कामा नये. गुप्ततेची हमी कायद्यातच आहे आणि ती मोडणाऱ्यास शिक्षा झाली पाहिजे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत पहिल्या बारा आठवड्यांची सेवा विनामूल्य व बाराही महिने मिळावी. ऊसतोडीच्या हंगामात ती फडाच्या तालुक्यातही मिळावी. गोळ्यांच्या विक्रीची तपासणी लिंगनिदानविरोधी मोहिमेपासून वेगळी काढावी. पतीची सही मागणाऱ्या रुग्णालयांना लेखी ताकीद मिळावी. आणि महाराष्ट्राच्या स्त्रियांचा एक स्वतंत्र, घरोघरचा अभ्यास राज्याने आपल्या विद्यापीठांकडून करवून घ्यावा. २०२१ साली व्हायची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. जुन्या आकड्यांवर धोरणे रचण्याची सबब आता पुरे झाली.

यांपैकी एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही. लागते ती एक साधी मान्यता : गर्भपाताला आलेली स्त्री ही गुन्हेगार नाही, उद्दिष्टाचा आकडाही नाही, ती या राज्याची नागरिक आहे. तालुक्याच्या गावी आपल्या कार्यकर्त्याने सरकारी दवाखान्यात जाऊन एवढेच विचारावे की, येथे गर्भपाताची सोय आठवड्यातून किती दिवस मिळते, आणि नवऱ्याची सही मागतात काय. मिळालेले उत्तर लिहून घ्यावे, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. आरोग्य खात्याचा तक्ता ज्या ठिकाणी संपतो, तेथून आपले काम सुरू होते.